घरातली शूर बाई

त्या साली तापीकाठचा कापूस चांगला फुटला होता, आणि कापूस चांगला फुटला की झडती कडक होते, हे वेचणीला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. सांगेल म्हणजे काय, मान खाली घालेल आणि दुसराच विषय काढेल. मथुराबाईसुद्धा तेच करायची.

झडतीची रीत तशी जुनी. बायांनी दिवसभर वेचायचं, कमरेला बांधलेल्या ओट्या भरायच्या, आणि दिवस कलला की बांधावर ओळीनं उभं राहायचं. ओटी ढिगावर रिकामी करायची आणि पदर झटकून दाखवायचा. मूठभर कापूस कमरेला खोचून नेला तर गावातला दुकानदार त्याच्यावर गूळ-मीठ देतो, म्हणून ही तपासणी. शालिग्राम पाटलांची आई होती तोवर हे काम तिचं. म्हातारी बांधावर घोंगडी टाकून बसायची, बसल्या जागेवरून पदर झटकायला लावायची, शिव्याही घालायची, पण तिच्या शिव्यांचं कुणाला काही वाटत नसे. म्हातारी गेली आणि पुढच्या हंगामात तिच्या जागी पाटलांचा मुकादम भिकन येऊन उभा राहिला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, अन् कुणी हटकलंही नाही. पदर झटकून त्याचं समाधान होत नसे. तो हातानं चाचपून बघायचा.

झाले त्याला दोन हंगाम. मथुराबाई ओळीत चौथी उभी राहायची. शेवटी राहिलं की जास्त वेळ लागतो हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि सगळ्यांत आधी उभं राहायची छाती नव्हती. भिकन समोर आला की ती असीरगडाच्या डोंगराकडे नजर लावायची, दात आवळून धरायची, आणि गुडघे थरथरायला लागायचे ते लुगड्यात कुणाला दिसू नयेत म्हणून पाय जवळ घ्यायची. भिकन पुढच्या बाईकडे सरकला की मग कुठे श्वास सुटायचा. घरी जाताना बाया इतर सगळं बोलायच्या. कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं. ह्याबद्दल एक शब्द नाही.

आता कुणी म्हणेल, बोलायचं होतं. बोलायला काय जातं? मथुराबाईचं घर गेलं असतं, ते जातं. तिचा नवरा लोटू पाटलांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता, अखजी ते अखजी, म्हणजे एका अक्षय्यतृतीयेपासून दुसरीपर्यंत, आणि ती राहत होती ते कुडाचं घर पाटलांच्या खळ्याच्या कडेला, पाटलांच्या जागेवर होतं. हंगामाच्या मधे सालदारी सुटली तर दुसरा कुणी उभं करत नाही. आणि लोटूला सांगावं तर तो काय करेल ह्याचा नेम नव्हता. तो कुऱ्हाड घेऊन भिकनच्या मागं लागेल, नाहीतर तिलाच विचारेल की तू त्याला हात कसा लावू दिलास. ह्या दोन्हींतलं कुठलं वाईट हे मथुराबाईला ठरवता येत नसे. म्हणून तिनं तोंड शिवून ठेवलं होतं.

पण तिची पोरगी कोकिळा सात वर्षांची होती, आणि शाळा सुटली की ती आईच्या मागोमाग सऱ्यांतून फिरायची. उरलीसुरली बोंडं तिच्या इवल्या फडक्यात गोळा करायची. झडतीच्या वेळी ती बांधाच्या टोकाला बसून पायातले काटे काढत असायची. पोरीचं ध्यान काट्यात आहे असं मथुराबाईला वाटायचं. आईबापांना असं पुष्कळ काही वाटत असतं.

नवं राज्य झालं ते हेच साल. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, वऱ्हाड तिकडे मुंबईच्या राज्यात गेलं, आणि बुऱ्हाणपूरकडच्या मराठी शाळा राहतात का बंद होतात ह्यावर पारावर रोज वाद चालायचे. ह्या गावची शाळा तर दोन वर्षांचीच. जसोंडीच्या फाट्याहून अर्धा कोस आत असलेलं दोनशे घरांचं गाव. पाटलांच्या जुन्या कोठाराच्या पडवीत पहिली आणि दुसरीची पोरं एकत्र बसत. शिकवायला शारदाबाई. बुऱ्हाणपूरची पोर, वय बावीस-तेवीस, सकाळच्या मोटारीनं फाट्यावर उतरायची आणि छत्री घेऊन पायी यायची. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, त्यामुळे गावातलं कुत्रं भुंकलं तरी ती आधी त्यालाच वाट द्यायची. पण पोरांपुढं उभी राहिली की ही बाई वेगळीच होई.

मंगळवारी कोकिळा पाटी घरी विसरली, म्हणून मथुराबाई शेतावर जाताजाता ती द्यायला पडवीपाशी आली. आत शारदाबाईंनी एक मोठं पुस्तक छातीशी उघडं धरलं होतं, पोरांकडे तोंड करून. शहरातल्या वाचनालयातून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं, शूर बायकांच्या चित्रांचं. पानभर एकच चित्र, रंगीत. पोरांना त्यांनी आधी हात अंगरख्याला पुसायला लावले होते, कारण पान उलटायची पाळी ज्याची येईल त्याला पुस्तकाला हात लावायला मिळणार होता. हत्तीवर बसलेली एक राणी होती, अंगात चिलखत, आणि कानाजवळ बाण रुतलेला. शारदाबाई सांगत होत्या की ही आपल्याच मुलखातली, गोंडवनाची राणी. बाण लागला, तिनं तो आपल्या हातानं उपटून काढला. रडली नाही. मागं सरली नाही. सैन्य बघत होतं आणि ती जागची हलली नाही.

मथुराबाई पाटी हातात घेऊन दाराशी उभीच राहिली. खोटं कशाला सांगायचं, तिला ती राणी फार आवडली. एवढा बाण लागला आणि रडली नाही हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला. पोरं तर श्वास घ्यायची विसरली होती. मग शारदाबाई म्हणाल्या की शूर बायका काही पुस्तकातच असतात असं नाही, त्या घरोघरी असतात. उद्या प्रत्येकानं आपल्या घरातली एक शूर बाई कोण ते उभं राहून सांगायचं. ती काय करते तेही सांगायचं. मथुराबाईनं पाटी दिली आणि पळतच शेत गाठलं. उशीर झाला म्हणून भिकन तिला चार बायांत बोलला.

बुधवारी दुपारी बाया बाभळीखाली भाकरी खायला बसल्या. मालूबाईचा गोटू वर्गात कोकिळाच्या शेजारी बसायचा. तो मधल्या सुट्टीत आईला कालवण द्यायला आला होता आणि जे सांगायचं ते सांगून गेला होता. मालूबाईनं भाकरी तशीच फडक्यात ठेवली, मथुराबाईच्या जवळ सरकली आणि हळूच सांगितलं. वर्गात एकेका पोरानं उठून सांगितलं. कुणाच्या आजीनं मुसळानं साप मारला होता. कुणाच्या काकूनं उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवला होता. मग कोकिळा उठली. म्हणाली, माझी माय शूर आहे. भिकनमामा रोज तिच्या अंगाला हात लावून झडती घेतो, आणि ती राणीवानी उभी राहते. रडत नाही, मागं सरत नाही.

मथुराबाईनं आधी आजूबाजूला बघितलं. तिनं मालूबाईला विचारलं की पाटलांची नात लीला वर्गात होती का. मालूबाई म्हणाली, पुढंच बसते ती. म्हणजे पाटलांच्या घरी जेवणं व्हायच्या आत ते पोचलेलं होतं. झडतीच्या ओळीत मालूबाई मथुराबाईच्या मागं, पाचवी उभी राहत असे. दोघींनी पलीकडच्या बांधावर उभ्या असलेल्या भिकनकडे एकदम बघितलं आणि एकदमच माना वळवल्या.

पोटात कळ आली असं सांगून मथुराबाई शेतातून निघाली. बांधावरून गेली ती आधी चालत, मग पळत. शाळा सुटायला थोडा वेळ होता, पण पोरं आधीच घरी धाडलेली होती. पडवीत शारदाबाई एकट्याच पेटीवर बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून मथुराबाईनं ओळखलं की पाटील येऊन गेले.

पाटील आले होते, आवाजही चढवला नव्हता. चढवायची त्यांना गरज पडत नसे. त्यांनी शारदाबाईंना एवढंच सांगितलं की उद्या सकाळी ते स्वतः येतील, मुकादम येईल, पोरीच्या आईबापालाही बोलावलं आहे. पोरीनं सगळ्यांसमोर उठून म्हणायचं की मी खोटं बोलले. म्हटलं तर विषय संपला. नाही म्हटलं तर पडवी त्यांना कापसासाठी हवीच आहे. शाळा एकदा उठली की ह्या असल्या दिवसांत भोपाळहून कुणी ती परत बसवायला येणार नाही, आणि शहरात जाऊन आपण कुणाशी काय बोलतो ते बाईंनी सांभाळावं. एवढं सांगून त्यांनी पुस्तकाची दोन-चार पानं उलटून बघितली होती, आणि चित्रं छान आहेत म्हणाले होते.

शारदाबाईंनी मथुराबाईला विचारलं, "मथुराबाई, खरं आहे का ते?"

मथुराबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. म्हणाली, "पोर हाये बाई. पोराले काय समजते."

शारदाबाईंना उत्तर मिळालं. मग म्हणाल्या की हा सगळा घोळ त्यांनीच घातला, त्यांना वाटलं होतं पोरं सापविंचवाचं काहीतरी सांगतील. त्या स्वतःच घाबरल्या होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. नोकरी गेली तर घरी धाकटी तीन भावंडं होती. कोकिळाला खोटं बोलायला सांगणं आपल्याच्यानं होणार नाही, तेवढं आईनं सांगावं, असं त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. आणि मान खाली घातली. शिकलेल्या बाईनं अशी मान घातलेली मथुराबाईनं कधी बघितली नव्हती. तिला आधार वाटायच्या ऐवजी आणखीच भीती वाटली.

सांगते म्हणाली, आणि परत शेतात आली. न येऊन चालणार नव्हतं.

दिवस कलला. ओळ लागली. मथुराबाई चौथी. भिकननं पहिल्या तिघींची झडती घेतली, रोजच्यापेक्षा सावकाश. मग तो मथुराबाईसमोर आला, हात पाठीमागं बांधले, आणि तिला नुसतं खालपासून वरपर्यंत बघितलं. हात लावला नाही. बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझी झडती उद्या, शाळेत." आणि पुढं गेला. तिच्या मागची मालूबाई रडू लागली, तरी त्यानं तिची झडती घेतलीच. आजवर मथुराबाईला वाटायचं की त्या हातापेक्षा वाईट काही नसेल. पण त्या दिवशी त्यानं हात लावला नाही, तर तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. घराकडं येताना पाय कुठं पडतात ते तिला कळत नव्हतं. एका सरीत ती पडलीसुद्धा.

घरी लोटू बैलांना कडबा घालून हातपाय धूत होता. तो बोलायला कमी, पण त्याच्या लक्षात येत नाही असं काही नसे. उद्या सकाळी शाळेत ये असं पाटलांनी सांगितलंय, काहून ते नाही सांगितलं, असं म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला. मथुराबाईनं चुलीत तोंड घातल्यासारखं करून सांगितलं की पोरीनं वर्गात काहीतरी खोटं सांगितलं. काय खोटं, त्यानं विचारलं. पोरं काहीबी बोलतात, ती म्हणाली. लोटूनं पुढं विचारलं नाही. भाकरी खाताना मात्र त्यानं दोनदा हात थांबवला, आणि दोन्ही वेळा मथुराबाईची तव्यावरची भाकरी करपली.

तो बैलांकडे गेला तेव्हा मथुराबाईनं कोकिळाला चुलीपुढं ओढून बसवलं. उद्या बाई उभं करतील, पाटीलबाबा विचारतील, तेव्हा म्हणायचं की मी खोटं बोलले. एवढंच म्हणायचं आणि बसायचं.

कोकिळा म्हणाली, "पन ते तं खरं हाये."

मथुराबाईनं तिला आधी चुचकारलं. गूळ दिला. मग धपाटा घालायला हात उचलला, आणि न मारताच खाली घेतला. पोरगी रडली नाही. ती हट्टाला पेटली होती. बाईंनी सांगितलंय की वर्गात खोटं बोलायचं नाही, आणि मी बोललेच नाही, तर बोलले असं कसं म्हणू, हाच तिचा एक घोष. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. लोटू कुठल्याही घडीला आत आला असता. काय सांगितलं म्हणजे ही ऐकेल ते मथुराबाईला सुचेना, आणि मग जे खरं होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"तू मले शूर म्हनली ना? ते खोटं हाये. मी शूर नही. मी भेते."

कोकिळा टकामका बघायला लागली. "भिकनमामाले भेते?"

"हो."

"मंग रडत काहून नही?"

"भेवानं रडू येत नही मले. अंग थरथरते नुसतं. राणी भेत नव्हती. मी भेते. समजलं?"

पोरीनं गुळाचा खडा गालात इकडून तिकडे फिरवला. मग तिनं मान हलवली आणि म्हणाली की मग मी खोटंच बोलले, उद्या सांगेन. मथुराबाईनं तिला कुशीत घेतलं. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. घर वाचलं असं तिला वाटलं, आणि त्यापुढं तिला दुसरं काही दिसलं नाही.

सकाळी पडवीत ही दाटी. आत पोरं बसलेली, लीला सगळ्यांत पुढं. शाळेची एकुलती एक खुर्ची पाटलांनी घेतली होती. त्यांच्या मागं भिकन, केसांना तेल लावून, धुतलेला सदरा घालून आलेला. लोटू पायातलं काढून भिंतीशी उभा होता. त्याला कालपासून आत्तापर्यंत कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मथुराबाई खांबाला धरून उभी होती. वेचणीच्या बाया कामावर जाताजाता पडवीबाहेर थांबल्या होत्या. जा म्हणून भिकननं दोनदा हात केला, पण त्या हलल्या नाहीत. हलल्या नाहीत म्हणजे त्यांच्यात काही जोर आला होता असं नव्हे, त्याही भेदरलेल्याच होत्या. पण जाववत नव्हतं.

शारदाबाईंनी कोकिळाला उभं केलं. त्यांचा आवाज बसला होता. पाटलांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि स्वतः विचारलं, अगदी मायेनं, घरच्या लेकराला विचारावं तसं.

"कोकिळा, परवा बाईंनी गोष्ट सांगितली. काल तू सगळ्यांसमोर बोलली. ते खोटं बोलली ना तू?"

"हो," कोकिळा म्हणाली.

मथुराबाईनं डोळे मिटले. शारदाबाईंनी सोडलेला सुस्कारा दाराशी ऐकू आला. इथं पाटील उठले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण पाटलांना ते पक्कं करायचं होतं. बाहेर बाया उभ्या होत्या, त्यांच्याही कानावर जायला हवं होतं. ते खुर्चीत पुढं झुकले आणि म्हणाले की मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे, काय काय खोटं होतं ते.

कोकिळा हात सरळ खाली सोडून उभी राहिली, धडा म्हणताना उभी राहायची तशी.

"माय शूर हाये म्हनलं, ते खोटं. माय शूर नही. भिकनमामा झडतीले अंगाले हात लावते तं ती भेते. तिचं अंग थरथरते. भेवानं तिले रडू येत नही, म्हनून ती रडत नही." आणि थोडं थांबून तिनं आठवून सांगितलं, "राणी भेत नव्हती."

एक पोरगं हसलं, आणि आपण एकटेच हसतोय हे कळून गप्प झालं. भिकन हसायला बघत होता, ते त्याला जमत नव्हतं. लोटूनं मान वर केली. त्यानं भिकनकडं बघितलं नाही, मथुराबाईकडं बघितलं, आणि ती हीच नजर होती जिला ती दोन हंगाम चुकवत आली होती. त्या नजरेत राग होता की काय होतं, तिला वाचता येईना.

पाटील मुरलेला माणूस. त्यांनी पोरीला सोडलं आणि मथुराबाईकडं वळले. आवाज तसाच शांत. "मथुरे, पोरगी बडबडते. लहान हाये. तू सांग. असं काही नही, एवढं म्हन आणि कामाले जा. मी बी जातो."

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. तीन शब्द. ते तर ती रात्रीपासून पाठ करून आली होती. अखजीला अजून पाच महिने होते. बाहेर थंडी पडली होती. कुडाचं घर, दोन मडकी, लोटूच्या बैलांची जोडी, म्हणजे पाटलांची जोडी, हे सगळं त्या तीन शब्दांवर होतं. तिनं तोंड उघडलं. समोर कोकिळा उभी होती, आईनं सांगितलेलं सगळं एकही शब्द न चुकता सांगितलं म्हणून खुशीत. आता आई बोलणार म्हणून तिच्याकडे बघत होती. चुलीपुढं काल मथुराबाईनं जे सांगितलं ते ह्या पोरीनं खरं मानलं होतं. आता नाही म्हटलं तर तेही खोटं ठरणार होतं, आणि मग ह्या पोरीनं आईचं खरं कधी धरायचं?

"खरं हाये," मथुराबाई म्हणाली.

जवळच्या दोन-तीन पोरांशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

"काय?" पाटील म्हणाले.

आता तेच परत बोलायचं होतं. एकदा बोलल्यानं भीती कमी झाली असेल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. ती वाढली. मथुराबाईचे गुडघे असे लटपटू लागले की लुगड्याचा काठ हलताना सगळ्या वर्गाला दिसला. आज तिनं पाय जवळ घेतले नाहीत. ती खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"खरं हाये, पाटील. मी भेते त्याले. दोन हंगाम झाले."

ह्या वेळी ते बाहेरच्या बायांपर्यंत गेलं. मग मालूबाई दाराच्या चौकटीत आली आणि म्हणाली, "मी बी." तिच्या मागून आणखी कुणीतरी तेच म्हटलं. लोटू भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढं आला. तो कुणाच्या अंगावर धावला नाही, तिथंच, पाटील आणि मथुराबाई ह्यांच्या मधे उभा राहिला. त्याची पाठ मथुराबाईकडं होती, त्यामुळे त्याच्या तोंडावर काय आहे ते तिला दिसलं नाही. पाटील खुर्चीतून उठले. पडवी उद्या संध्याकाळपर्यंत रिकामी पाहिजे, एवढं ते शारदाबाईंना म्हणाले. लोटूला काय सांगायचं ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

कोकिळा अजून उभीच होती. बस म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठी माणसं अशी का झाली ते तिला कळेना, आणि आपलं काही चुकलं की काय म्हणून ती रडकुंडीला आली होती. ती शारदाबाईंकडं वळली.

"बाई, आता बरोबर सांगितलं ना?"

पाटील दाराशी थांबले. मागं वळून ते शारदाबाईंकडं बघू लागले. शारदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. पदराचं टोक त्यांनी मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं वर आली होती.

"बरोबर सांगितलंस," त्या म्हणाल्या. "बस खाली."